प्रिंटर चालू आहे, मग ऑफलाईन का दाखवतो?

प्रश्न : ऑफिसात बारा कॉम्प्युटर आणि सगळ्यांना मिळून एकच प्रिंटर, तो केबलने राऊटरला जोडलाय. दर दोन-तीन आठवड्यांनी सोमवारी सकाळी सगळ्यांकडे ऑफलाईन दिसतो. ड्रायव्हर काढून परत टाकला की चालतो, पण पुन्हा तेच. प्रिंटर बदलायची वेळ आलीय का?

उत्तर : अजिबात नाही, आणि ड्रायव्हरही आता परत टाकू नका. तुम्ही सोमवार लिहिलात ते फार बरं केलंत, कारण दुखणं तिथंच आहे. राऊटर प्रिंटरला जो आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे एक नंबर) देतो तो ठराविक मुदतीपुरता असतो, सुट्टीत प्रिंटर बंद राहिला, मुदत संपली, मधेच तो नंबर कुणाच्या तरी मोबाईलला गेला, की सोमवारी प्रिंटरला दुसरा नंबर मिळतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतात आणि उत्तर येत नाही म्हणून ऑफलाईन दाखवतात. ड्रायव्हर परत टाकताना विंडोज प्रिंटर नव्याने शोधतं, त्यामुळे नवा पत्ता आपोआप भरला जातो आणि आपल्याला वाटतं ड्रायव्हरच बिघडला होता.

माझा अंदाज बरोबर आहे का ते तपासायला पाच मिनिटं पुरतात. पुढच्या वेळी बंद पडला की आधी कशालाच हात लावू नका. प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा, त्यावर आयपी अ‍ॅड्रेस असतो. मग कुठल्याही एका कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीज उघडून पोर्ट्सच्या टॅबमध्ये बघा. पानावर १९२.१६८.१.३७ आणि पोर्टमध्ये १९२.१६८.१.२४ असं काही दिसलं तर चोर सापडला. पानावरचा नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी, प्रिंटरला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, मग केबल आणि ती राऊटरला जिथं लावलीय ते पोर्ट बदलून बघा.

उपाय म्हणजे प्रिंटरला कायमचा पत्ता देणं. राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन (पत्ता राखून ठेवायची सोय) असतं, तिथं प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (त्या यंत्राची स्वतःची ओळख, तोही त्याच छापलेल्या पानावर मिळतो) टाकून एक नंबर राखून ठेवायचा. काही जण प्रिंटरवरच हाताने नंबर टाकतात, तेही चालतं, पण राऊटर ज्या रेंजमधून नंबर वाटतो त्याच्या बाहेरचाच निवडा, नाहीतर एक दिवस तोच नंबर कुणाच्या तरी लॅपटॉपला जाईल आणि प्रिंटर कधी चालेल कधी नाही. असा येऊन-जाऊन होणारा बिघाड शोधणं सगळ्यात त्रासाचं, मी स्वतः एका ऑफिसात त्यापायी दोन दिवस घालवलेत.

मग बाराही कॉम्प्युटरवर त्या पत्त्याचं स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट करून प्रिंटर त्यावर लावा. पोर्टचं नाव डब्ल्यूएसडी ने सुरू होत असेल तर ते विंडोजने आपणहून केलेलं असतं, मी ते ऑफिसात ठेवतच नाही, कारण बरेचदा तेच प्रिंटर हरवून बसतं. काम कंटाळवाणं आहे खरं, पण एकदाच करायचंय. पत्ता जुळतोय, पिंगलाही (त्या पत्त्यावर कुणी आहे का, हे विचारणाऱ्या हाकेला) उत्तर येतंय, तरी ऑफलाईन असेल तर कॉन्फिगर पोर्टमध्ये जाऊन एसएनएमपी स्टेटसची (विंडोज प्रिंटरला त्याची स्थिती विचारतं ती सोय) टिक काढा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं.

प्रश्न : आमचा प्रिंटर यूएसबीने एका कॉम्प्युटरला जोडून शेअर केलाय. काहींना मिळतो, काहींना शेवटी ११बी असलेला एरर येतो. अपडेट काढून टाका असा सल्ला मिळालाय, काढू का?

उत्तर : काढू नका, कळकळीने सांगतो. २०२१ च्या जुलैत प्रिंट नाईटमेअर नावाची विंडोजच्या सुरक्षेतली मोठी त्रुटी उघड झाली, स्पूलरमधून (छपाईची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग) बाहेरचा माणूस कॉम्प्युटरचा ताबा घेऊ शकत होता. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटमध्ये शेअर केलेल्या प्रिंटरशी बोलण्याचे नियमही कडक झाले, आणि तुमचा एरर तेव्हापासूनचा आहे. एका बाजूला अपडेट आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असलं की हमखास येतो. म्हणून आधी ज्याला प्रिंटर जोडलाय तो कॉम्प्युटर पूर्ण अपडेट करा, मग बाकीचे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगची वही) एक आकडा बदलून ही नवी तपासणी बंद करता येते, पण त्यात सगळ्या ऑफिसचं दार उघडं राहतं. प्रिंटरला लॅनचं पोर्ट असेल तर सरळ केबल लावून वर सांगितल्यासारखा जोडा, मग तो एक कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला म्हणून सगळ्यांचं काम अडायचं नाही.

प्रश्न : एकच फाईल क्यूमध्ये (छपाईच्या रांगेत) अडकते, डिलीट होत नाही, मागचं सगळं थांबतं.

उत्तर : सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर स्टॉप करा, विंडोजच्या फोल्डरात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स, तिथल्या फाईली डिलीट करा (फोल्डर नाही, फक्त आतल्या फाईली) आणि स्पूलर परत स्टार्ट करा. शेअर दिलेल्या कॉम्प्युटरवर हे करत असाल तर आधी सगळ्यांना विचारा, कारण त्यांच्या थांबलेल्या प्रिंटही त्यात पुसल्या जातात.