द्राक्षाच्या काडीचा कोळसा आणि चांगला कागद

पंचवटी, नाशिक
आषाढ शुद्ध पंचमी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची तीन रेखाटने पोचली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेनंतर तू चोवीस पेन्सिलींचा डबा घेतलास, तो घेऊन सलग चार रविवार काळाराम मंदिराच्या आवारात बसलीस, आणि तरीही दगड काळा न दिसता पत्र्यासारखा चकाकतो, म्हणून आता आणखी कोणती पेन्सिल घ्यावी, असे तू विचारले आहेस. उत्तर आधी सांगते आणि कारणे नंतर लिहिते : आणखी एकही पेन्सिल घेऊ नकोस. तुझी रेघ चांगली आहे आणि सभामंडपाच्या कमानी तू नीट पाहिल्या आहेस, हे रेखाटनांवरून दिसते. अडचण एवढीच आहे की, जे ग्रॅफाइटला, म्हणजे पेन्सिलीतल्या काळ्या खनिजाला, मुळातच जमत नाही ते तू त्याच्याकडून करून घेऊ पाहते आहेस. चित्रकाराच्या पेटीतील प्रत्येक वस्तू काही कामांना सरळ नकार देते, आणि तो नकार कोणता हे ओळखणे, ही साधन वापरायला शिकण्याची सुरुवात आहे, असे मला इतकी वर्षे शिकवून वाटते.

आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे हे काळे, मऊ खनिज सापडले तेव्हा लोकांनी त्याला शिशाचाच एक प्रकार मानले, आणि तो कार्बन आहे हे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवून दिले तरी नाव मात्र तसेच राहिले. पुढे फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटून इंग्लंडचे ग्रॅफाइट फ्रान्सला मिळेनासे झाले, तेव्हा निकोला-जाक काँते याने हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची भुकटी चिकणमातीत मळून तिच्या कांड्या भट्टीत भाजल्या आणि १७९५ मध्ये त्या पद्धतीचे पेटंट घेतले. तुझ्या डब्यातील पेन्सिलींची कृती मूळची हीच आहे. माती जास्त घातली की कांडी कडक आणि रेघ फिकी होते, ती एच. ग्रॅफाइट जास्त ठेवले की कांडी मऊ आणि रेघ गडद होते, ती बी. या अंशांचे सर्व कंपन्यांवर बंधनकारक असे एकच माप नाही, त्यामुळे एका कंपनीची ४बी दुसऱ्या कंपनीच्या ३बीइतकीच गडद निघू शकते. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी एकाच कंपनीच्या एचबी, २बी आणि ६बी या तीनच पेन्सिली वर्षभर वापरायला सांगत असे. हाताला त्यांची सवय झाली की मधल्या छटा बोटांच्या दाबातून आपोआप मिळू लागतात, आणि नेमकी ५बी कुठे ठेवली हे शोधण्यात उन्हाची तिरीप निघून जात नाही.

पेन्सिलीला टोक ब्लेडने किंवा कटरने कर, शार्पनरने करू नकोस. लाकूड लांब तासून कांडी बोटाच्या एका पेराएवढी उघडी ठेवली आणि बारीक पॉलिश पेपरवर ती तिरपी घासली, म्हणजे एकाच पेन्सिलीच्या टोकाने केसासारखी रेघ आणि कडेने रुंद छटा, अशा दोन्ही गोष्टी मिळतात. पेन्सिल फरशीवर पडू देऊ नये. वरून काही दिसले नाही तरी आत कांडीचे तुकडे होतात आणि मग दरवेळी टोक करताना ती गळून पडते.

आता त्या चकाकीविषयी. ग्रॅफाइटची घडण सपाट पापुद्र्यांची असते. ते एकमेकांवरून घसरतात म्हणूनच पेन्सिल कागदावर इतकी सहज चालते, पण दाब देऊन घोटत गेलो की तेच पापुद्रे कागदाच्या पृष्ठभागाशी समांतर बसतात आणि आरशासारखा प्रकाश परत फेकतात. तू काळोख वाढवण्यासाठी जितका जोर लावलास तितका तो भाग उजळला, आणि त्याच जोराने कागदाचा दाणा, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, दबून सपाट झाल्यामुळे पुढची छटा धरायला तिथे काही उरले नाही. ग्रॅफाइटचा स्वभाव राखाडी आहे. पहाटे गोदावरीवर धुके असताना रामकुंडाकडून पलीकडच्या घाटाच्या पायऱ्या काढायच्या असतील, तर त्याच्याइतके नाजूक साधन दुसरे नाही. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार ओढेकरांनी बांधलेले हे मंदिर आपल्या डोंगरांच्या काळ्या पाषाणाचे आहे. त्याचा काळेपणा प्रकाश गिळणारा आहे, आणि तो कागदावर आणायचा असेल तर कोळसाच हातात घ्यावा लागतो.

कोळसा विकत मिळतो, पण नाशिकमध्ये राहून तो विकत घ्यावा असे मला वाटत नाही. चित्रकलेचा उत्तम कोळसा पूर्वापार दोन झाडांपासून करतात : एक विलो आणि दुसरी द्राक्षवेल. आपल्या जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, ओझर या भागात हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा बांधावर काड्यांचे ढीग पडलेले असतात आणि शेतकरी ते आनंदाने देतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ काड्या निवडाव्यात, पेरांजवळचे गाठाळ भाग टाळून वीतभर लांबीचे तुकडे करावेत, साल खरवडून काढावी आणि दोन-तीन महिने सावलीत वाळू द्यावे. नंतर झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात त्या उभ्या, अगदी दाटीवाटीने भराव्यात, झाकणाला खिळ्याने एकच बारीक भोक पाडावे आणि डबा अंगणात निखाऱ्यांवर ठेवावा. घरात किंवा बंद गॅलरीत हा उद्योग करू नये. आधी भोकातून पांढरी वाफ येते, मग दाट धूर येतो, मग कधी कधी त्याच भोकाशी लहानशी ज्योत पेटते. धूर पूर्ण थांबला की डबा बाजूला घ्यावा, भोक ओल्या मातीने बुजवावे आणि रात्रभर त्याला हात लावू नये. हा शेवटचा धीर फार महत्त्वाचा आहे, कारण गरम डबा उघडला तर आत हवा शिरते, काड्या पेट घेतात आणि सकाळपर्यंत राख होते. काडी मोडल्यावर आतून तपकिरी दिसली तर ती कच्ची राहिली असे समजावे; अशी काडी कागद ओरखडते. नीट जळलेली काडी हलकी असते, टिचकी मारली तर काचेसारखी वाजते, आणि वेलीच्या मध्यभागचा मऊ गाभा जळून गेल्यामुळे बहुधा आतून पोकळ असते. तिचा काळा रंग किंचित निळसर, मखमली आणि पूर्णपणे चकाकीरहित असतो.

या कोळशाचाही नकार आहे. तो कागदाला चिकटत नाही, नुसता दाण्यांमध्ये बसतो, त्यामुळे बाहीच्या एका घासाने तासाभराचे काम पुसले जाते. बारीक कोरीव तपशीलही तो देत नाही. माझ्या मते मात्र सुरुवातीच्या वर्षांत हा त्याचा गुणच आहे, कारण कमानीच्या वेलबुट्टीत अडकण्याआधी उजेड आणि सावली यांचे मोठे भाग पाहणे तो हाताला भाग पाडतो. खोडण्यासाठी साधे रबर वापरू नकोस, मळता येणारे पुट्टी रबर घे. ते घासायचे नसते, टोकदार करून नुसते टेकवायचे आणि उचलायचे असते, म्हणजे कोळसा त्यावर निघून येतो आणि खालचा कागद उजेड म्हणून उरतो. पुट्टी रबर नसेल तर पावाचा मऊ गर हेच काम करतो. खोडरबर माहीत होण्यापूर्वी चित्रकार तोच वापरत. छटा बोटाने पसरण्याचा मोह टाळावा. बोटाचे तेल कागदात मुरते आणि तिथे पुढचा थर डागाळून बसतो; कापसाचा बोळा किंवा कागदाची घट्ट गुंडाळी पुरते.

पेन्सिलींवरचे जे पैसे वाचतील ते कागदावर खर्च कर, आणि या बाबतीत काटकसर करू नकोस. हे मी स्वतःचे नुकसान करून शिकले. तरुणपणी मी जुन्या नाशकातील वाडे काढत हिंडत असे. तिवंधा, सराफ बाजार, भद्रकाली येथील कोरीव तुळया, दिंडीदरवाजे, वरच्या मजल्यावरचे सज्जे. दोन वर्षांत शंभराहून अधिक रेखाटने झाली, आणि ती सगळी मी स्वस्तात मिळालेल्या, वर्तमानपत्रासारख्या कागदावर केली, कारण सराव तर करायचा आहे, असे तेव्हा वाटत होते. त्यांतले बरेच वाडे आता उभे नाहीत. मागच्या वर्षी मी तो गठ्ठा सोडला, तेव्हा कागद चहासारखा पिवळा पडला होता आणि घडीवर हात लावताच तुकडे गळत होते. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो काढून न टाकता कागद केला की उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो. त्यात आम्लही असेल तर धागे तुटत जाऊन कागद ठिसूळ होतो. रेघा शाबूत होत्या, त्यांना धरून ठेवणारे काही राहिले नव्हते. तुझा सराव कधी दस्तऐवज होईल हे आज तुलाही ठाऊक नाही, म्हणून रोजच्या वहीसाठीसुद्धा आम्लरहित कागदच घे.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. झेरॉक्सचा कागद साधारण ७५ जीएसएमचा असतो. पेन्सिलीसाठी १३० ते २०० जीएसएमचा कार्ट्रिज कागद चांगला, आणि वर पाण्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, द्यायचा असेल तर ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद हवा, नाहीतर तो फुगून त्याला लाटा येतात. वजनापेक्षाही दाणा महत्त्वाचा आहे. डोळे मिटून तळहात फिरवून पाहा. कोळशाला खरखरीत दाणा लागतो, शाईला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, आणि पेन्सिल दोहोंच्या मध्ये रमते. सुती चिंध्यांचा हातकागद मिळाला तर जरूर वापरून पाहा. जुन्नरचा आणि खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद एके काळी आपल्या दफ्तरांचा आधार होता, आणि मोडी लिपीतले जुने कागद आजही वाचता येतात त्यामागे त्या सुती धाग्यांचा मोठा वाटा आहे.

त्याच दफ्तरांतील दुसरी एक वस्तू तू हाताळावीस असे वाटते, ती म्हणजे बोरू. वेतासारख्या त्या नळीला तिरका छेद दिला की हात किंचित वळवताच रेघ जाड-बारीक होते, आणि कमानीचा बाक एका ओघात उतरतो. शाईबाबत मात्र सावध राहा. लिहिण्याच्या पेनची शाई बहुतेक वेळा रंगद्रव्याच्या द्रावणाची असते. ती पाण्यात पसरते आणि उन्हाने उडते. चित्रासाठी काजळीची, जलरोधक काळी शाई घ्यावी. आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून ज्या व्यवसायाचा आरंभ केला, त्याच कॅम्लिनचे उंट छाप चित्रसाहित्य आज गावोगावच्या दुकानांत मिळते, त्यामुळे ही शाई शोधत मुंबईला जाण्याची गरज नाही. जलरोधक शाईत सहसा लाख असते आणि ती वाळली की कायमची घट्ट होते, म्हणून ती फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये, आणि बोरू किंवा टाकाची निब लगेच धुवावी. कोणत्याही शाईची शंका आली, तर एक पट्टी रंगवून तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाक आणि वैशाखभर उन्हाच्या खिडकीत ठेव. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवल्यावर वेगळा पुरावा लागत नाही.

सध्या पावसाळा आहे, तेव्हा तयार रेखाटने भिंतीला टेकवून ठेवू नकोस. कोळशाच्या चित्रावर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा, मारायचे असेल तर हवा कोरडी असताना, उघड्यावर, हातभर अंतरावरून दोन-तीन विरळ हात द्यावेत. एकच दाट हात दिला तर उजळ जागा काळवंडतात. मग प्रत्येक चित्रावर बटर पेपर ठेवून ती सपाट फाइलमध्ये, जमिनीपासून उंच ठेव, आणि महिन्यातून एकदा उघडून कसर लागली नाही ना, ते पाहा.

यंदाच्या छाटणीच्या काड्या मी पोत्यात वाळत घातल्या आहेत. पाऊस उघडला की एखाद्या रविवारी सकाळी ये. येताना घट्ट झाकणाचा पत्र्याचा रिकामा डबा आण, जुने कपडे घाल, आणि ते काळारामाचे अर्धे राहिलेले चित्र सोबत असू दे. दुसऱ्या दिवशी डबा उघडला की त्याच चौकटीतून, त्याच कमानीसमोर आपण दोघी बसू.

कळावे,
तुझ्या बाई