वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीला एलईडी दिवे आणि इंडिकेटर

प्रश्न : माझी मोटार १९५० च्या सुमाराची, ६ व्होल्टची आणि ‘पॉझिटिव्ह अर्थ’ पद्धतीची आहे, म्हणजे तिच्या बॅटरीचे धन टोक चासीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेले आहे. मागचे दिवे इतके मंद आहेत की ब्रेक लावल्याचे मागच्या चालकाला कळत नाही. मूळ दिवे तसेच ठेवून त्यांत एलईडी बल्ब बसवता येतील का?

उत्तर : येतील, आणि मागच्या दिव्यांपुरते ते बसवावेतच, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या गाडीचे मूळ रूप जपण्याविषयी मीही आग्रही आहे; परंतु काचेआडचा बल्ब हा मुळातच बदलला जाणारा भाग आहे. मागून येणाऱ्याला आपली गाडी वेळेत दिसली नाही, तर जपलेले सारेच एका धडकेत जाते.

मात्र बल्ब विकत घेण्यापूर्वी अर्थिंग, म्हणजे दिव्याची चासीशी असलेली जोडणी, तपासावे. साध्या बल्बला मिळणारा विद्युतदाब १० टक्क्यांनी घटला, तर त्याचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, आणि ६ व्होल्टच्या गाडीत हे १० टक्के म्हणजे अवघे ०.६ व्होल्ट असतात. गंजलेला होल्डर आणि सैल स्क्रू एवढे सहज खाऊन टाकतात. होल्डर घासून स्वच्छ करावा आणि त्यापासून चासीपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढावी. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मे दुखणे बरे होते.

एलईडीतून वीज एकाच दिशेने वाहते, म्हणून आपल्या गाडीसाठी ६ व्होल्टचा आणि पॉझिटिव्ह अर्थला चालणाराच बल्ब मागावा. दोन्ही दिशांना चालणारे बल्बही मिळतात. पण त्यांच्या आतील चार डायोडांच्या (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांच्या) जोडणीत सुमारे १.४ व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टच्या गाडीत ते जाणवत नाही, ६ व्होल्टच्या गाडीत जाणवते. त्यामुळे तो बल्ब खास ६ व्होल्टसाठीच बनवलेला आहे, याची खात्री करून घ्यावी.

लाल काचेमागे लाल आणि पिवळ्या काचेमागे पिवळाच एलईडी बसवावा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा भाग मोठा आणि लाल भाग थोडा असल्याने लाल काचेतून तो फिकट, गुलाबीसर दिसतो. मागच्या दिव्याच्याच खालच्या पारदर्शक खिडकीतून नंबर प्लेटवर उजेड पडत असेल, तर लाल एलईडीने प्लेटही लाल दिसेल. अशा दिव्यांसाठी खालच्या बाजूला पांढरे एलईडी असलेले बल्ब मिळतात. दिव्यात परावर्तक असेल, तर बल्बने कडेलाही प्रकाश टाकला पाहिजे. नाहीतर मधोमध एक तेजस्वी ठिपका आणि भोवती अंधार, असे होते. बल्ब बसवल्यावर दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून, आपण मागे लांब उभे राहून भरदिवसा पाहावे. जुन्या बल्बांत टेल लाइट ५ वॅटची आणि ब्रेक लाइट २१ वॅटची असा ठळक फरक सर्रास असे. एलईडीतही तो तितकाच ठळक दिसला पाहिजे.

प्रश्न : माझ्या १२ व्होल्टच्या जुन्या गाडीत इंडिकेटरला एलईडी बल्ब लावले, तर ते लुकलुकेनात. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलल्यावर चारही एकदम लुकलुकू लागले. चूक कुठे आहे?

उत्तर : बल्बांत दोष नाही. जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो: २१ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे साडेतीन अँपिअर वीज घेतात, तिने आतील तार किंवा धातूची पट्टी तापते आणि जोडणी तुटते-जुळते. एलईडीची वीज त्या मानाने फारच थोडी असल्याने पट्टी तापतच नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवलात ते योग्यच झाले. काही जण जुना फ्लॅशर ठेवून त्याला फसवण्यासाठी रेझिस्टर (जादा वीज ओढणारा रोधक) जोडतात, ते मला पसंत नाही. तो वाचवलेली सारी वीज पुन्हा उष्णतेत घालवतो आणि कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरींजवळ इतका तापणारा भाग असणे धोक्याचे आहे.

चारही दिवे लागण्याचे कारण बहुधा डॅशबोर्डवर आहे. आपल्या गाडीत दोन्ही बाजूंसाठी एकच सूचक दिवा असेल, तर तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. डावा इंडिकेटर लावला की वीज या दिव्यातून उजव्या बल्बांमार्गे अर्थकडे जाते. एवढ्याशा विजेने साधे बल्ब लागत नसत, एलईडी मात्र लागतात. यावर उपाय असा की दिव्याच्या एका टोकाला दोन्ही बाजूंकडून प्रत्येकी एक, असे १ अँपिअरचे साधे डायोड जोडावेत आणि दुसरे टोक चासीला द्यावे. गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल, तर डायोडांची दिशा उलटी ठेवावी, आणि फ्लॅशरही त्याच पद्धतीचा असावा.

यानंतर दिवे मिनिटाला किती वेळा लुकलुकतात, ते मोजावे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत हा वेग ९० असून ३० चा कमी-अधिक फरक चालतो. एक सवयही लावून घ्यावी. जुन्या व्यवस्थेत बल्ब गेला की लुकलुकण्याची गती बदलत असे. अनेक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर ही सूचना देत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी.

प्रश्न : माझ्या गाडीला इंडिकेटर नाहीत, दारालगतच्या खांबातून बाहेर येणारे उजळते हात आहेत. ते काढावेत का?

उत्तर : कृपया काढू नका. त्यांच्या आतील नळीसारख्या छोट्या बल्बाच्या जागी एलईडी बसतो. तरीही आजचा चालक त्या खांबाकडे पाहत नाही, म्हणून बंपरच्या ब्रॅकेटला किंवा नंबर प्लेटच्या पट्टीला पिवळे इंडिकेटर जोडावेत. पत्र्याला एकही भोक पाडू नये. या नव्या वायरिंगला स्वतंत्र फ्यूज अवश्य द्यावा.

प्रश्न : हेडलाइटमध्येही एलईडी बल्ब घालावा का?

उत्तर : नाही. हेडलाइटचा परावर्तक आणि काच यांची आखणी बल्बमधील तारेच्या नेमक्या जागेनुसार केलेली असते. एलईडीचा प्रकाश त्या जागेवरून निघाला नाही की झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. अनेक देशांत असा बदल नियमबाह्यही आहे. त्याऐवजी दिव्याला बॅटरीतून थेट वीज देणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि जाड वायर घालावी, तसेच काळवंडलेल्या परावर्तकावर नवा मुलामा चढवून घ्यावा. गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवलेला असेल, तर चार्जिंगच्या सूचक दिव्यालाही हात लावू नये. त्या साध्या बल्बमधून जाणाऱ्या विजेवरच अल्टरनेटर जागा होतो, आणि तिथे एलईडी घातल्यास चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता असते.