रंगाच्या आधी मीठ काढा

प्रश्न : आजोबांची लँड रोव्हर सिरीज टू, 1960 च्या आसपासची, कित्येक वर्षं मांद्र्याला माडांखाली उभी होती. आता ती पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून बॉडी उतरवली आहे. बॉडीचा पत्रा ठीक आहे, पण चासीला खालून गंजाचे पोपडे धरलेत. मेस्त म्हणतो, वायरब्रश मारून रेड ऑक्साइड लावू, वर डांबरी अंडरकोट देऊ, पावसाआधी गाडी तयार. भाऊ म्हणतो, गॅल्व्हनाइझ करून, म्हणजे जस्ताचा थर चढवून घे. काय करू?
— एक वाचक भगिनी, मांद्रे (पेडणे)

उत्तर : ताई, डांबर नको आणि पावसाआधीची घाईही नको. मांडवीकाठच्या गोदीत बार्जच्या रंगकामावर देखरेख करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. लोखंडावर मीठ राहिलं तर कितीही महागडा रंग खालून उठतो, हे मी तिथे पुन्हापुन्हा पाहिलं. मांद्र्याच्या खाऱ्या हवेतलं मीठ तुमच्या चासीच्या बारीक खड्ड्यांत बसलेलं आहे. वायरब्रशने गंज चकचकीत होतो, मीठ निघत नाही. डांबराचा थर काही काळाने तडकतो, पाणी आत शिरतं आणि तिथेच राहतं. वरून सगळं काळंभोर दिसत असल्याने पत्र्याला भोक पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

लँड रोव्हरला ही काळजी जास्तच हवी. 1948 साली ही गाडी आली तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. तुमची बॉडी शाबूत राहिली ती त्यामुळे. चासी मात्र पोलादी पट्ट्या कडांना वेल्ड करून केलेली पोकळ पेटी आहे. आत चिखलपाणी साचतं आणि ती आतून सडते. तेव्हा आधी छोटा हातोडा घ्या आणि खालच्या अंगाने ठोकत जा. मागचा क्रॉस मेंबर (आडवी पट्टी) आणि बॉडी जिथे टेकते ते आउटरिगर नीट तपासा. खणखणीत आवाज आला तर धातू जिवंत आहे. बद्द आवाज आला किंवा हातोडा रुतला, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करा. सडक्या पत्र्यावर ठिगळ नको.

वेल्डिंग संपलं की ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून गंज उडवणं. चासीवर कोरलेला नंबर आधी जाड टेपने झाका, त्याचा फोटो काढा. तो पुसट झाला तर आरटीओत उत्तरं देत बसावं लागेल. कुणी किनाऱ्यावरची वाळू वापरतो म्हणाला तर साफ नकार द्या. तिच्यात मीठ असतं, आणि वाळूची धूळ कामगाराच्या फुप्फुसांचा नाश करते. गोदीत कॉपर स्लॅगचे (तांब्याच्या भट्टीतल्या मळीचे) किंवा गार्नेट या खनिजाचे कण वापरतात, तेच मागा.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. ब्लास्ट केलेली चासी राखाडी, एकसारखी दिसते आणि लगेच रंग मारावासा वाटतो. एक रात्र थांबा. सकाळी खड्ड्यांच्या तळाशी काळपट, ओलसर ठिपके दिसले तर ते मीठ आहे. हवेतली ओल ते ओढून घेतं. गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आतून-बाहेरून धुवा, वाळवा, पुन्हा हलका ब्लास्ट द्या. ठिपके येईनासे होईपर्यंत हेच करायचं. शेवटच्या ब्लास्टनंतर मात्र त्याच दिवशी, काही तासांत प्रायमर बसला पाहिजे.

प्रायमर दोन डब्यांचा, झिंक-रिच इपॉक्सी. यातलं झिंक उघड्या लोखंडाला भिडलं तरच काम करतं, म्हणून नुसता वायरब्रश मारलेल्या लोखंडावर हा प्रायमर वाया जातो. वर इपॉक्सीचा जाड थर, शेवटी पॉलीयुरेथेन. कारण उघडी इपॉक्सी उन्हात खडूसारखी होते. कडांना आणि वेल्डच्या रेषांना आधी ब्रशने एक हात द्या, कारण फवारलेला रंग कडेवर पातळ बसतो. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान 3 अंश गरम हवं. आपल्याकडे पावसात हे जमणं कठीण. चवथ होऊ दे, पाऊस सरू दे, मग दहिवर सुकल्यावर काम धरा.

भावाचं म्हणणं चुकीचं नाही. 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवलं की पेटीच्या आतही जस्त चढतं, हे कुठल्याही स्प्रेगनला जमत नाही. पण जुनी, पातळ झालेली चासी त्या उष्णतेत वाकू शकते, आणि हवा जायला भोकं नसतील तर आतली वाफ पेटी फोडते. गाडीची चासी बुडवण्याचा अनुभव असलेला कारखाना मिळाला तरच जा. चासी वाकली का ते कळायला बुडवण्याआधी आणि नंतर तिच्या कर्णांची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी) मापं घ्या. तशा चासीवर साधा रेड ऑक्साइड धरत नाही, जस्ताला धरणारा एच (etch) प्रायमर लागतो.

इपॉक्सीचा मार्ग घेतलात तर रंग वाळल्यावर पेटीच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात मारायचं गंजरोधक मेण) फवारा आणि पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. दर मे महिन्यात वॅक्स पुन्हा द्या. बॉडी बसवताना अॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये रबरी पॅकिंग घाला. खाऱ्या ओलीत दोघं भिडली की अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं, आणि तो पत्रा अजून चांगला आहे.