दिव्याखाली जमणारे पतंग मारून फरची झाडं वाचतील का?

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या तुमच्या घरी जुलैच्या रात्री दिव्याखाली करड्या-तपकिरी पतंगांचा खच पडतो, मागच्या फरच्या झाडांचे शेंडे तांबूस झालेत, आणि आता फवारणी करावी का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता करू नका, पैसे पाण्यात जातील. वर्णनावरून हे स्प्रूस बडवर्मचे, म्हणजे फर आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या कळ्या खाणाऱ्या अळीचे, पतंग दिसतात. पतंग झाडाला तोंडही लावत नाही; जेमतेम दोन आठवडे जगतो, तेवढ्यात जोडीदार आणि अंडी. शिवाय ते तुमच्याच झाडांवरचे असतील असंही नाही. संध्याकाळी शेंड्यांवरून वर उठतात आणि वाऱ्यावर एका रात्रीत शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. जुलै २०१६मध्ये तुमच्याच प्रांतातल्या कॅम्पबेल्टन शहरावर उतरलेला त्यांचा थवा हवामानाच्या रडारवरही दिसला होता.

नुकसान करते ती अळी, आणि तिचं वेळापत्रक कळलं की बाकीचं सोपं आहे. मादी झाडाच्या सुयांवर, म्हणजे सुईसारख्या पानांवर, साधारण दोनशे अंडी घालते. ऑगस्टमध्ये अळ्या निघतात, पण काही न खाता सालीच्या बेचक्यात रेशमाचं इवलंसं घर विणून अख्खा हिवाळा झोपून काढतात. मेमध्ये उठल्यावर आधी जुन्या सुया पोखरतात, मग उमलत्या कळीत शिरतात. कोवळ्या सुया बुडाशी कुरतडल्या जातात, जाळ्यात अडकून वाळतात. तुम्हाला दिसणारा तांबूस रंग तोच.

सगळ्यात जास्त मार बाल्सम फरला बसतो, ख्रिसमसला घरात आणतात त्या झाडाला. काळ्या स्प्रूसच्या कळ्या उशिरा उघडतात म्हणून तो बराचसा सुटतो. एका वर्षाच्या हल्ल्याने फर मरत नाही. चार-पाच वर्षं सलग नवी पालवी गेली तर मात्र आशा नाही.

इथे बडवर्म मारायला १९५२पासून विमानांनी डीडीटी हे कीटकनाशक फवारलं गेलं. त्याने १९५४मध्ये मिरामिशी नदीतली सामन माशांची पिल्लं मेली, आणि बडवर्म काही संपला नाही. तो इथलाच कीटक आहे, दर तीस-चाळीस वर्षांनी त्याची साथ येतेच. म्हणून मागे जंगलच असेल तर मी हात लावणार नाही. अंगणातली दोन-चार लाडकी झाडं असतील तर बीटी फवारा: आपल्या बीटी कापसातलं विष ज्या जिवाणूकडून घेतलंय, तोच जिवाणू. तो अळीच्या पोटात जावा लागतो, म्हणून जूनमध्ये, कळ्या उघडून अळ्या खात असतानाच. फुलपाखरांच्या अळ्याही त्याने मरतात, हे लक्षात ठेवा.

मी दर उन्हाळ्यात कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नरांना ओढणारा) लावतो, पण तो मोजणीपुरता. त्यात फक्त नर सापडतात, त्याने झाड वाचत नाही.

तुम्ही पुढच्या जूनच्या सुरुवातीला फांद्यांच्या टोकाच्या दहा-वीस कळ्या उकलून बघा. बहुतेक कळ्यांत जाळं आणि गडद डोक्याची अळी निघाली, तरच फवारणीचा खर्च करा.