ऐक्य सप्ताहात मिस्सा की वचनप्रार्थना?

प्रश्न : १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात शेजारच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट) आणि मार्थोमा (मूळ केरळातलं, सुधारणावादी सिरियन परंपरेचं) चर्चच्या भाविकांना आमच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बोलवायचं ठरतंय. रविवारच्या मिस्सेत (कम्युनियन असलेल्या आमच्या मुख्य उपासनेत) त्यांच्या पाळकांना प्रवचन देता येईल का? त्यांच्या लोकांनी कम्युनियन (ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर) घेतलं तर चालेल का? गावातल्या हिंदू, मुस्लिम, जैन मंडळींनाही त्याच दिवशी बोलवावं का?
— एक वाचक, वसई तालुका

उत्तर : मिस्सेतलं प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) यांनीच करायचं, असं व्हॅटिकनच्या १९९३ च्या ऐक्यविषयक मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. कम्युनियनसाठी धर्मसंहितेच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) ८४४ व्या कलमात मृत्यूच्या संकटासारखे मोजकेच अपवाद आहेत; ऐक्य सप्ताह त्यांत बसत नाही. त्यामुळे रविवारची मिस्सा निवडली, की बोलावलेले पाहुणेच ऐन कम्युनियनच्या वेळी बाकावर बसून राहतात. कितीही प्रेमाने बोलावलेलं असलं तरी ते मनाला लागतं.

म्हणून आठवड्यातली एखादी संध्याकाळ घ्या आणि तासाभराची वचनप्रार्थना ठेवा, म्हणजे बायबलवाचन, प्रवचन आणि प्रार्थना, पण कम्युनियन नाही. तिथे पाळकसाहेब मोकळेपणाने प्रवचन देऊ शकतात, वाचनंही वाटून घेता येतात. दरवर्षीचा विषय आणि प्रार्थना व्हॅटिकन व जागतिक चर्च परिषद मिळून प्रसिद्ध करतात. २०१३ चं साहित्य तर भारतातल्याच ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने तयार केलं होतं. पण कार्यक्रम पूर्ण आखून मग आमंत्रण देऊ नका. नोव्हेंबरातच सगळे एकत्र बसा, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या चर्चमध्ये जायचं हेही तेव्हाच ठरवून टाका.

अडखळायला होतं ते प्रभूच्या प्रार्थनेत. दोन्हीकडचे मराठी शब्द थोडे वेगळे आहेत. शिवाय प्रॉटेस्टंट भाविक शेवटी न थांबता ‘राज्य, सामर्थ्य आणि गौरव’ म्हणत पुढे जातात, आणि आपले कॅथलिक लोक त्याआधीच थांबतात. एकच पाठ ठरवा, छापून प्रत्येक बाकावर ठेवा. गाण्यांसाठी ना. वा. टिळकांची भजनं घ्या. ती दोन्हीकडे ओठांवर आहेत.

आंतरधर्मीय मेळावा मात्र वेगळ्या दिवशीच घ्या, असं आमचं ठाम मत आहे. ख्रिस्ती ऐक्याची प्रार्थना एका बाप्तिस्म्यावर उभी आहे. इतर धर्मीयांना तिच्यात ओढणं त्यांच्यावरही अन्याय आहे. २७ ऑक्टोबर १९८६ ला असिसीत पोप जॉन पॉल दुसरे यांनी सर्व धर्मांच्या प्रतिनिधींना बोलावलं, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या रीतीनेच प्रार्थना केली. तीच पद्धत धरा. आधी रक्तदान किंवा तलावसफाईसारखं एखादं काम सोबत करा, म्हणजे प्रार्थनेला ओळखीची माणसं येतील. जागा शाळेचं सभागृह असावी. धर्मप्रसाराची पत्रकं तिथे अजिबात वाटू नका. एका पत्रकानेही संशय येतो आणि पुढच्या वेळी कुणी फिरकत नाही. जैन पाहुण्यांसाठी खाणं सूर्यास्तापूर्वी आणि कांदा-लसूण-बटाट्याशिवाय, म्हणजे बटाटेवडे नकोत. रमजान चालू असेल तर तारीखच बदला.