तीन वर्षांच्या मुलाच्या कपाळाला चार टाके पडलेत. व्रण कायमचा राहील का?

राहील, पण आज दिसतोय तसा नाही. खरा व्रण कसा आहे ते वर्ष-दीड वर्षाने कळतं. एवढंच लिहिणार होते, पण 'घरचे म्हणतात टाके नीट घातले नाहीत' हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

माझी लेक उंबरठ्याला अडखळून दाराच्या कडीवर आपटली. भुवईत खोक पडली. मी धावत येईपर्यंत सासूबाईंनी मूठभर हळद दाबली होती. रक्त थांबलं, पण ते स्वच्छ फडकं दाबून धरलं तरी थांबतं. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून भळाभळा वाहतं आणि म्हणूनच जखम भरतेही लवकर. दवाखान्यात ती हळद धुऊन काढताना पोरगी जेवढी किंचाळली, तेवढी टाके घालताना नाही. डॉक्टरांनी भुवई भादरली नाही. भादरायची नसतेच, त्या केसांच्या रेषेवरूनच दोन्ही कडा जुळवतात. पाचव्या दिवशी टाके काढले. चेहऱ्यावर ते जास्त दिवस ठेवले तर टाक्यांचेच ठसे उमटतात.

तेव्हा नुसती बारीक रेघ होती. दोनेक महिन्यांत ती लालभडक झाली, टणक झाली, वर उचलली गेली. नेमकं त्याच वेळी घरात लग्न. नणंदबाईंनी चारचौघांत लेकीची हनुवटी धरून म्हटलं, "पोरीची जात आणि चेहऱ्यालाच डाग! तरी सांगत होते, मोठ्या सर्जनकडे न्या." टाक्यांचा काहीएक दोष नव्हता. त्या काळात शरीर जखमेत कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, भरत असतं, लहान मुलांत तर फारच जोमाने. पुढे महिनोन्महिने त्याची फेररचना चालते, लाली ओसरते, व्रण सपाट आणि फिकट होतो. आता लेकीची रेघ दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही. मुलासमोर असलं कुणाला बोलूच देऊ नका, वडीलधारं असलं तरी.

जखम पूर्ण मिटली की सिलिकॉन जेल दोन-तीन महिने नेमाने लावा, बोटाने हलकं दाबून मालिश करा. वर्षभर उन्हात टोपी आणि ३० एसपीएफचं सनस्क्रीन हवंच, नाहीतर कोवळा व्रण काळा पडतो. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावू नका, उपयोग होत नाही, उलट काहींना पुरळ येतं. खोक आडवी असेल तर कपाळाच्या आठ्यांत बरीच लपते, उभी जरा जास्त दिसते.

आणि हो, पू, वाढती सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. व्रण मूळ जखमेच्या बाहेर पसरायला लागला किंवा घरात कुणाला केलॉइड (जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा जाड व्रण) असेल तरीही वर्षभर वाट बघू नका. ओठाची कड किंवा पापणी कापली असती, तर मीही पहिल्याच दिवशी प्लास्टिक सर्जन गाठा म्हटलं असतं, कारण तिथे मिलिमीटरभर कड हुकली तरी जन्मभर दिसते. भुवईतल्या सरळ खोकेसाठी त्याची गरज नव्हती, हे नणंदबाईंना मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते.