मुलाला भिंतींवरच्या जाहिराती रंगवायच्या आहेत

तुम्ही लिहिलंय, मुलाची बारावी झाली, चित्रकला चांगली आहे आणि त्याला इमारतींवर हाताने जाहिराती रंगवायला शिकायचंय. यावर पोट भरेल का?

नुसत्या यावर भरणं अवघड आहे. आधी विनाइलची (चिकटवायच्या प्लास्टिक पत्र्याची) अक्षरं कापणारी यंत्रं आली, मग मोठे डिजिटल प्रिंट. रोजचं काम तिकडे गेलं. मुद्दाम रंगवलेलीच भिंत हवी असणारे ग्राहक मात्र आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली ‘कोलोसल मीडिया’ 2004 पासून हेच काम करते. पण अशा जागा मोजक्या, म्हणून दुकानांच्या पाट्या, काचेवरची अक्षरं आणि म्युरल (भित्तिचित्रं) यांची जोड हवीच.

चित्रकला चांगली असणं ही फक्त सुरुवात. खरी कसोटी मापाची. परांचीवर हातभर अंतरावरून रंगवताना समोर नुसता रंगाचा पट्टा दिसतो. ते नाक आहे की सावली, हे रस्त्यावरूनच कळतं. म्हणून मूळ चित्रावर 5 सेंटिमीटरच्या आणि भिंतीवर 1 मीटरच्या चौकटी आखतात. किंवा पूर्ण मापाच्या कागदावर रेषेवरून बारीक भोकं पाडून, कागद भिंतीला लावून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात, म्हणजे भोकांतून भिंतीवर ठिपक्यांची रेघ उमटते. कागद काढल्यावर जास्तीची पूड हलक्या हाताने झटकायची, नाहीतर पिवळा-पांढरा मळतो. अक्षर 30 मीटरवरून सहज वाचायचं तर उंची निदान 25 सेंटिमीटर हवी.

काम फसतं ते बहुतेक वेळा भिंतीमुळे. ताज्या सिमेंटच्या गिलाव्यातला अल्कली ऑइल पेंट खातो; महिनाभर तरी वाळू द्यावा आणि अल्कली सोसणारा प्रायमर लावावा. ओल असेल तर क्षार फुटून पोपडे येतात, मग रंग कितीही महाग असो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा खरवडू नये.

शिकायचं ते जाणत्या पेंटरच्या हाताखाली. पहिले काही महिने भिंत घासणं, रंग कालवणं, दोरीने रेघा मारणं हेच चालेल. त्यात कमीपणा मानू नका. सेफ्टी बेल्टची दोरी झुल्यापासून (पेंटर उभा राहतो त्या लटकत्या फळीपासून) वेगळी, स्वतंत्र ठिकाणी बांधतात का, हे तुम्ही स्वतः विचारा. नसेल तर तिथे पाठवू नका.

त्याआधी त्याला मीटरभर उंचीचा ‘अ’ रंगवायला सांगा आणि 30 मीटरवरून बघू द्या. गोलाई कुठे चुकली हे त्याचं त्यालाच दिसलं आणि तो पुसून पुन्हा रंगवायला बसला, तर बेलाशक उस्ताद शोधा.